एकतीस फेऱ्या

"माझ्या शाळेच्या दहा," जेमा म्हणाली. "सकाळी पाच, दुपारी पाच. एलोईजच्याही दहा. झाल्या वीस. पुढे?"

पंधरा वर्षांच्या जेमाचं अक्षर घरात सगळ्यांत सुवाच्य, म्हणून यादी करायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिचा बाप सिल्व्हिओ समोरच्या कोचावर उशांना टेकून बसला होता. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, मनगटाला प्लास्टर, कपाळावरचा काळानिळा डाग आता पिवळा पडत चाललेला. मंगळवारी दुपारी कामावरून येताना फ्रीवेवर त्याला डुलकी लागली आणि गाडी कडेच्या तारांच्या कठड्यावर आदळली. गाडी भंगारात गेली. कॉलरबोन आणि मनगट मोडलं, बाकी माणूस धड राहिला. तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं.

"फिजिओच्या दोन," ब्रॉनविन ओट्यामागून म्हणाली. "बुधवार आणि शुक्रवार. माझ्या ड्युटीच्या पाच."

"मॉम, तुझ्या कशाला? तू तर स्वतःच जातेस."

"मी जाते, पण गाडीही माझ्याबरोबर जाते ना. आता घरात एकच गाडी आहे. लिही."

"सत्तावीस. सामानाच्या दोन, एकोणतीस. माझं बास्केटबॉल..."

"ते तीन महिने राहू दे."

जेमाचं पेन थांबलं. ती आईकडे नाही, बापाकडे बघायला लागली.

"लिही," सिल्व्हिओ म्हणाला.

"तीस. एलोईजचं पोहणं. एकतीस."

खिडकीजवळ सात वर्षांच्या एलोईजला मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबाने, कर्मनूने, मान वर केली. "एकतीस? महिन्याला?"

"आठवड्याला, नन्नू."

"आणि यात कोणाचं पोट दुखलं, दूध संपलं, ते धरलंय का?"

"दूध मी गोठवून ठेवते, पा," ब्रॉनविन म्हणाली. "ब्रेडसुद्धा. तेवढ्यासाठी बाहेर पडावं लागत नाही."

"दूध गोठवतेस?" म्हाताऱ्याने असं विचारलं की जणू ती कपडे गोठवते.

सिल्व्हिओची थोरली बहीण मार्टेझ मॅकरोनीचं भांडं मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसली होती. भांडं फडक्यात गुंडाळलेलं, अजून कोमट. यॅराव्हिलच्या घरून निघून इथे, शहराबाहेर हार्टली राइजला, पोचायला आज सव्वा तास लागला होता. सबंध वाटेत एडगर गाडी चालवत शेजारच्या गाड्यांना शिव्या देत होता आणि मागच्या सीटवर ती हे भांडं सांभाळत होती. घरात आल्यापासून कोणी तिला काही विचारलं नव्हतं. ती वाट बघत होती आणि तिला भीतीही वाटत होती.

"सोमवार-मंगळवार सकाळच्या माझ्या," एडगरने बोट वर केलं. मार्टेझ आणि सिल्व्हिओच्या मधला भाऊ, रीटाचा नवरा. फरश्या बसवण्याचा धंदा, मोठा आवाज, मोठी गाडी. "साइटवर उशिरा जाईन. गुरुवार दुपार रीटा करेल, तिला सुट्टी असते. ब्रॉन, तू बाकीच्या सकाळच्या कर."

"मी दुपारी दोनला वृद्धाश्रमात ड्युटीवर जाते, आठला सुटते. दुपारच्या कोण?"

"दुपारच्या..." एडगरने खोलीभर नजर फिरवली. ती मार्टेझवर येऊन थांबली आणि तो हसला. "ही करेल की! चाकाची पिशवी आणेल ओढत. एका बाजूला जेमा, एका बाजूला एलोईज, मधे कांदे."

एलोईज खदखदून हसली. मार्टेझलाही हसावं लागलं.

"चोपन्न वर्षांची झाली," एडगर म्हणाला, "आणि बाईला अजून लायसन्स नाही. या देशात! कुत्र्यांनासुद्धा मिळत असेल."

"मला कधी लागलंच नाही."

"लागलं नाही म्हणजे? सगळ्यांना लागतं."

"मला नाही लागलं, एडगर. औषधांचं दुकान सात मिनिटांवर. बत्तीस वर्षं तिथे काम करतेय. स्टेशन नऊ मिनिटांवर. डॉक्टर, बेकरी, चर्च सगळं त्याच्या आत. कुठे जायला लायसन्स काढू?"

"इथे यायला," तो म्हणाला.

ते बरोबर वर्मी बसलं.  मार्टेझ उठली, ओव्हनपाशी गेली, भांडं आत सरकवलं आणि बटण कुठलं हे कळेना म्हणून तशीच उभी राहिली. ब्रॉनविनने हात पुढे करून बटण फिरवलं. त्या दोघींवर इतक्या जवळ उभं राहण्याची वेळ वर्षातून एखाद-दोनदाच यायची.

"एकतीसपैकी एकही फेरी माझ्याच्याने होणार नाही," मार्टेझ ओव्हनच्या काचेकडे बघत म्हणाली. "पण हीच यादी आमच्या रस्त्यावर असती ना, तर मी एकटीने सगळी उरकली असती. चालत. वर घरी येऊन जेवणही केलं असतं."

तिला कोणाला बोलवायचं नव्हतं. तिला फक्त एडगरला उत्तर द्यायचं होतं. पण कर्मनूने एलोईजला मांडीवरून खाली उतरवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बरोबर बोलली पोरगी. मग तिकडेच चला ना सगळे."

ब्रॉनविनने फ्रिजचं दार जरा जोरातच लावलं.

*

एडगरला पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याने हे गाडीतच ठरवून आणलंय. मग बहिणीचा चेहरा त्याने पाहिला. तिला काहीच माहीत नव्हतं.

"पा, हे असं एका वाक्यात होत नसतं," तो म्हणाला. "यांचं चार खोल्यांचं घर आहे. दोन गाड्यांचं गॅरेज आहे. तुमच्याकडे आम्ही तिघं एका खोलीत झोपायचो. शेजारच्या पेट्राकिसांचा रेडिओ माझ्या उशीत वाजायचा."

"म्हणून तर तुला ग्रीक येतं."

"फक्त शिव्या येतात!"

"त्याही कामाला येतात. आज वाटेत दिल्यास की."

सिल्व्हिओ हसला आणि हसल्याने खांद्यात कळ आली, म्हणून डोळे मिटून गप्प बसला. एडगरने नजर वळवली. मंगळवारपासून भावाकडे सरळ बघणं त्याला जड जात होतं. त्याचं कारण त्याने रीटालाही सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी सिल्व्हिओला हा प्लॉट दाखवायला त्यानेच आणलं होतं. तेव्हा इथे दगडाळ माळ, काटेरी झुडपं आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन पुरुष उंचीचा एक फलक होता. फलकावरच्या चित्रात शाळा होती, दुकानांची ओळ होती, रेल्वे स्टेशन होतं आणि एक तळं होतं, ज्याच्या काठी एक जोडपं आइस्क्रीम खात चाललं होतं. 'घे रे,' तो म्हणाला होता, 'पाच वर्षांत इथे उभं राहायला जागा मिळणार नाही.' आज नऊ वर्षांनी तळ्याच्या जागी कुंपण घातलेला पावसाळी पाण्याचा खड्डा होता. शाळेच्या जागेवर अजून गवत उगवत होतं. उभं राहायला जागा मात्र खरंच नव्हती, पण ती गाड्यांना: एवढ्या हजारभर घरांमधून हमरस्त्याला लागायला वाट एकच.

"बरं, समजा आले," तो म्हणाला, आणि आपला आवाज चढतोय हे त्याला कळलं. "राहणार कुठे? त्या गल्लीत आज घर घ्यायची आपल्यात कोणाची ऐपत आहे? तुम्ही या देशात आलात तेव्हा साखरेच्या कारखान्याच्या वासाने लोक नाक दाबून जायचे. फुकट दिलं तरी कोणी घेत नव्हतं. आता एका बाजूला वकील, समोर दातांचा डॉक्टर. जुनी वस्ती, म्हणे! जुन्या वस्तीत जुनी माणसं उरलीत कुठे? तुम्ही आणि पेट्राकिसची म्हातारी."

"घ्यायचं कशाला? जागा माझ्याकडे आहे. मागच्या गल्लीकडे तोंड करून एक छोटं घर बांधू. दोन मजली. शेड पाडायची. फरश्या तू बसव."

"परवानगी?"

"मागू."

"वकीलबाई अर्ज करतील. तुमच्या घरामुळे आमच्या अंगणातलं ऊन अडतं म्हणून. त्यांना ती वस्ती भारी आवडते, पा. चालत कॉफी प्यायला जाता येतं, सगळे ओळखतात, वा वा. फक्त तिच्यात आणखी माणसं आलेली आवडत नाहीत."

कर्मनू गुडघे चोळत राहिला. एडगरला बरंही वाटलं आणि वाईटही.

"वकीलबाईंच्या नवऱ्याला मी टोमॅटो देतो," म्हातारा म्हणाला.

"टोमॅटोवर परवानगी मिळत नाही."

"ओळख तर होते. ज्याची ओळख आहे त्याच्याविरुद्ध अर्ज करायला माणसाला थोडी लाज वाटते. थोडी. तेवढ्यात काम होतं." मग तो गंभीर झाला. "हे बघ, एडगर. कारखान्यात चाळीस वर्षं मी चालत गेलो. बारा मिनिटं. पाय ओढत यायचो, पण घरी जागा यायचो. तुमची आई दारात कोणाशी तरी बोलत उभी असायची, तिथूनच मला सगळं कळायचं, आज कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. मी हुशार नव्हतो. तो रस्ताच तसा होता. त्याने आम्हाला सांभाळलं."

"पा."

हे मार्टेझ म्हणाली होती. सगळे तिच्याकडे वळले.

"शेड पाडायची हे तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"आत्ताच सुचलं."

"माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे. मम्मा गेल्यावर आठ वर्षं ते घर मी चालवतेय. तुमची औषधं, तुमचे दाखले, गळणारं छप्पर, सगळं. आणि घराच्या मागे आणखी एक घर बांधायचं, हे मला सगळ्यांच्या देखत कळतंय?"

"अगं, तूच म्हणालीस ना, इथे असते तर..."

"असते तर, म्हणाले! या, नाही म्हणाले."

एडगरला आयुष्यात फार थोड्या वेळा बहिणीची साथ मिळाली होती. "बघा," तो लगेच म्हणाला, "मार्टेझचंही तेच म्हणणं आहे." आणि म्हणता म्हणता त्याला ओट्यामागे उभी असलेली ब्रॉनविन दिसली. हे घर सोडणं तिला नकोय, त्या घरात ती कोणालाच नकोय, आणि हे सगळं तिच्याच दिवाणखान्यात बसून चाललंय, असा काहीसा तिचा चेहरा होता.

"मला कोणी विचारणार आहे का?" जेमा म्हणाली.

"तू यादी कर," एडगर काकाच्या सुरात म्हणाला.

"यादी झालीय, झियू. मला फक्त एकदा कोणाला न विचारता कुठेतरी जायचंय. कुठेही. ब्रेड आणायला. इथे मला घराबाहेर पडायचं तर कोणाची तरी झोप मोडावी लागते." तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मंगळवारी डॅड मलाच घ्यायला येत होता. मी गेटवर उभी होते. मी त्याला मेसेज केला, 'नेहमीसारखा उशीर.' तो तेव्हा अँब्युलन्समध्ये होता."

"जेमा, त्यात तुझी काही चूक नाही," ब्रॉनविन म्हणाली. हे ती गेले पाच दिवस म्हणत होती.

"तिची नाहीच," सिल्व्हिओ म्हणाला.

तो इतका हळू बोलला की एडगरला पुढे वाकावं लागलं.

"ती पहिली वेळ नव्हती. कामाच्या वाटेवरच्या पुलावर दोनदा झालंय. एकदा शेजारच्या ट्रकने भोंगा दिला म्हणून जागा झालो. पाच वर्षं पहाटे चाराला उठतोय. वर्षभर तर मी येताना पेट्रोलपंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोपायचो. घरी सांगायचो, गर्दी होती." त्याने मोकळ्या हाताने डोळे चोळले. "मंगळवारी जेमाला उशीर होईल म्हणून थांबलो नाही. आणि खरं सांगू? गाडी आदळली, सगळं शांत झालं, काच माझ्या मांडीत पडली होती. तेव्हा पहिली गोष्ट डोक्यात आली ती हीच, की चला, आता झोपायला मिळेल."

 ओव्हनमधून चीज भाजल्याचा वास यायला लागला होता.

एडगरला त्या फलकावरचं आइस्क्रीम खाणारं जोडपं आठवलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. 'मी आणलं तुला इथे' एवढे चार शब्द होते. ते त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

ब्रॉनविनने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं आणि मागचं दार उघडून ती बाहेर गेली.

*

बाहेर नेहमीसारखा वारा होता. माळावरून येणारा हा वारा अडवायला इथे काही नव्हतं. लोखंडी कुंपणाचे पत्रे दिवसभर वाजत राहायचे. पहिल्या वर्षी ब्रॉनविनने कुंपणाला लागून पाच लिंबाची झाडं लावली होती. त्यातलं एक जगलं होतं आणि तेही एका बाजूला कललं होतं. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

मागे दार वाजलं. सिल्व्हिओ असेल म्हणून तिने वळून पाहिलं नाही.

"मी जाऊ का परत?" मार्टेझने विचारलं.

"आलाच आहात तर थांबा."

मार्टेझ वाऱ्याने उडणारे केस एका हाताने धरून तिच्या शेजारी उभी राहिली. समोर बघायला कुंपणाशिवाय काही नव्हतं, म्हणून दोघी कुंपणाकडे बघत राहिल्या.

"अठरा वर्षांची होईपर्यंत मी अकरा घरं बदलली," ब्रॉनविन म्हणाली. "सगळी भाड्याची. वडील जिथे काम मिळेल तिथे. एकाही घरात भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती. हे घर ताब्यात आलं त्या दिवशी मी हातोडी घेऊन आले आणि एक खिळा ठोकला. त्याला टांगायला माझ्याकडे काही नव्हतं. नुसता ठोकला."

"मला माहीत नव्हतं."

"कोणी विचारलंच नाही. तुमच्याकडे सगळे समजतात की मला तुम्ही आवडला नाहीत म्हणून मी त्याला इतक्या लांब घेऊन आले."

"मम्मा समजायची," मार्टेझ म्हणाली. "मीही समजायचे."

"लग्नानंतर पाच महिने आम्ही तिथे राहिलो. आठवतंय? मी कामावरून यायचे, तर माझ्या कपाटातले टॉवेल परत घडी घातलेले असायचे. तुमच्या मम्माच्या पद्धतीने. बेकरीवाल्याला माहीत असायचं आदल्या दिवशी माझं आणि सिल्व्हिओचं भांडण झालं ते. तुमच्यासाठी तो रस्ता सांभाळणारा असेल, माझ्यावर मात्र त्याची पाळत होती."

मार्टेझला हसू आलं. "माझ्याही टॉवेलांच्या घड्या घालायची. अजूनही, कपाट उघडलं की वाटतं, मागून येऊन बघेल." मग ती हसायची थांबली. "तू म्हणतेस ते खोटं नाही. मी चोवीस वर्षांची असताना एका मुलाबरोबर स्टेशनवर दोन वेळा दिसले, तर घरी पोचायच्या आधी ते घरी पोचलं होतं. तिथेच ते संपलं. रस्ता सांभाळतो, पण त्याचं मोल घेतो."

ब्रॉनविनने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला आम्ही यायला नकोय ना?"

"भीती वाटते. त्या घरात आता कुठे माझी वस्तू मी ठेवली तिथे सापडते." मार्टेझने उडणारे केस पुन्हा मुठीत धरले. "पण मंगळवारचं सांगते. तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. पांढरा कोट घालून तशीच बाहेर आले आणि दारात उभी राहिले. पुढे काय करायचं ते सुचेना. कुठलं इस्पितळ, तिथे कुठली गाडी जाते, कुठे उतरायचं, मग किती चालायचं. टॅक्सीवाल्याने एवढं लांब यायला नाही म्हटलं. एडगर वेरिबीच्या साइटवरून येईपर्यंत दोन तास मी फुटपाथवर उभी होते. येणारा जाणारा विचारत होता, मार्टेझ, काय झालं? एकाने खुर्ची आणली, एकीने चहा आणला. मी त्यांना सांगत होते, माझा भाऊ आहे. आणि मला वाटत होतं, तो मेला तर मी इथे चहा पीत असताना मरेल."

पत्रे वाजत होते. ब्रॉनविनला मंगळवारचं इस्पितळ आठवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर डोकं ठेवून झोपलेली एलोईज, आणि आपल्याला चहा विचारायला कोणी नाही. तिला त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. तिला तशीच सवय होती.

"घर विकणार नाही मी," ती म्हणाली.

"नको विकू. कोण म्हणतंय?"

"तीन महिने येऊ. त्याचा हात बरा होईपर्यंत. हे कुणाला तरी भाड्याने देऊ. आणि खिळे मारायला परवानगी देऊ."

"बरं."

"मागे घर बांधायचं का नाही, ते तीन महिन्यांनी. तेव्हा आधी तुम्हाला विचारायचं, मग मला, मग पा आणि एडगरने काय ते चित्र काढावं."

"हे तू आत जाऊन सांग," मार्टेझ म्हणाली. "मी सांगितलं तर पा विषय बदलतील, म्हणतील, मला भूक लागलीय."

"आणि आमच्या खोलीच्या दाराला कडी हवी. आतून."

"कडी बसवून घेते. उद्याच. हार्डवेअरचं दुकान..."

"चालत चार मिनिटं," ब्रॉनविन म्हणाली.

"सहा. चार मिनिटं तुझ्या पायांनी." मार्टेझने तिच्या दंडाला हात लावला, फार वेळ नाही. "ब्रॉन, मला अहोजाहो करू नकोस गं. वीस वर्षं झाली. प्रत्येक वेळी वाटतं, दुकानात गिऱ्हाईक आलंय."

*

आत सगळे आपापल्या जागी तसेच होते. फक्त एडगर उठून भावाशेजारी जमिनीवर बसला होता. ते दोघं काय बोलले ते ब्रॉनविनला कळलं नाही. एडगरचे डोळे लाल होते आणि सिल्व्हिओचा डावा हात त्याच्या डोक्यावर होता, लहान मुलाच्या डोक्यावर असतो तसा. ब्रॉनविनला बघून एडगर घाईने उठला.

"मला याच्याशी जरा बोलायचंय," ती म्हणाली.

कर्मनू, एडगर, मार्टेझ आणि दोघी मुली जेवणाच्या टेबलाकडे गेल्या. घर असं मोकळं बांधलेलं होतं की मधे भिंत नव्हती. सगळ्यांनी पाठ फिरवली आणि प्लेटांचा आवाज करायला सुरुवात केली.

ब्रॉनविन कोचाच्या कडेला बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

सिल्व्हिओने प्लास्टरच्या कडेवरून बोट फिरवलं. "तू भिंतींना रंग देत होतीस," तो म्हणाला. "दर वेळी घरी यावं, तर तू काहीतरी नवीन केलेलं असायचं. आधी मुलींची खोली, मग ते फळ्यांचं कपाट. तू शिडीवर उभी राहून वरून हसायचीस. म्हटलं, हिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपलं म्हणून धरलंय. आणि मी काय सांगू, मला झोप येते?"

"हो. तेच सांगायचं होतंस."

"तू विकलं असतंस."

"नाही विकलं असतं. भांडले असते. पण तू पेट्रोलपंपावर झोपतोयस, हे मला माहीत असतं." तिचा आवाज चिरकला, तो तिने आवरला. "तू मेला असतास तर या भिंती घेऊन मी काय केलं असतं? सांग ना. काय केलं असतं?"

टेबलाकडचा प्लेटांचा आवाज थांबला आणि मग घाईने पुन्हा सुरू झाला.

"रागावलीस?"

"हो. पुष्कळ दिवस राहणार आहे हा राग." तिने त्याच्या पाठीमागची उशी नीट केली. "तीन महिने तुमच्या रस्त्यावर जाऊ. मार्टेझशी बोलले. पुढचं पुढे. तिथून तुझं काम पुलापलीकडे, म्हणजे उठायला सहा चालतील. जेमाची शाळा बदलावी लागेल, ती तर उड्याच मारेल. मला काम कुठेही मिळेल, म्हातारे सगळीकडे असतात."

"मार्टेझ हो म्हणाली?"

"तिने मला तिच्याशी तू म्हणून बोलायला सांगितलंय. अजून मला जमत नाहीये."

सिल्व्हिओला हसू आलं. "सावकाश जमेल. पा काय म्हणाले?"

"त्यांना मी अजून सांगितलं नाही. ते ऐकतायत."

"मी काही ऐकत नाहीये," टेबलावरून कर्मनू म्हणाला. "पण शेड मी पाडतच नाही आता. मार्टेझला विचारल्याशिवाय त्या शेडचा खिळा हलणार नाही."

"जेवा, पा," मार्टेझ म्हणाली.

सिल्व्हिओ काहीतरी म्हणायला लागला. "जेमाचं बास्केटबॉल," तो म्हणाला, "तिथे स्टेशनच्या मागे..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. डोळे मिटले, मान उशीवर एका बाजूला कलली. ब्रॉनविनने क्षणभर घाबरून त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती संथपणे वरखाली होत होती. तिने पायाशी पडलेलं पांघरूण ओढून त्याच्या अंगावर घातलं.

जेवणं झाली. मॅकरोनी कडेने थोडी करपली होती आणि कर्मनूने नेमक्या करपलेल्या कडा मागून घेतल्या. जेमाने आपली यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर न्यायच्या सामानाची नवी यादी लिहायला घेतली. तिने आधी वर 'जेमा' लिहिलं आणि खाली एकामागून एक वस्तू. एलोईज नन्नूला विचारत होती की तिथे तिला कुठे झोपायचंय. म्हातारा सांगत होता की ज्या खोलीत तुझा बाप झोपायचा तिथेच, पण रेडिओ आता नाही.

चार वाजायला आले तसा एडगर चुळबुळायला लागला. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. पुढच्या वळणापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. रविवारी इकडे भेटायला आलेले सगळे एकाच वाटेने परतत होते.

"आता निघालो नाही तर सहाशिवाय पोचत नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "याला निरोप देऊन निघू या का? हाक मारू?"

"नको," ब्रॉनविन म्हणाली.

"अगं, पण रांग वाढत जाईल."

"वाढू दे."

एडगर पुन्हा खिडकीकडे वळला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने बूट काढले आणि कोचाशेजारी जमिनीवर परत बसला. मार्टेझने भांडी विसळताना नळ बारीक केला. एलोईज चवड्यांवर चालत बापाच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मॉम," तिने कुजबुजत विचारलं, "डॅडला किती वाजता उठवायचं?"

"उठवायचं नाही," ब्रॉनविन म्हणाली. "त्याची झोप झाली की तो उठेल."